टेकडीवरचं घर

एल्डर रिजच्या त्या नव्या घरात शनिवारी सकाळी पहिलं पाऊल पेले आत्याने टाकलं. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, हातातली विणलेली टोपली केलेपीकडे दिली आणि ती बैठकीच्या खोलीत मधोमध जाऊन डोळे मिटून उभी राहिली. प्रार्थना सुरू झाली. घर दाखवायला आलेला बांधकाम कंपनीचा मुलगा हातात किल्ल्या धरून थबकला.

"पाच मिनिटं," केलेपी त्याच्या कानात म्हणाला.

"पंधरा," मागून केलेपीची बायको व्हायोला म्हणाली. "आज त्यांनी पोटभर नाश्ता केलाय."

मुलगा हसला. केलेपीला तो त्या हसण्यासाठी आवडला. खरं तर त्याला इथलं सगळंच आवडत होतं. ताज्या रंगाचा वास, अजून कुणाचा हात न लागलेले नळ, एकही खिळा न ठोकलेल्या भिंती. आजवर तो ज्या ज्या घरात राहिला तिथे आधी कुणीतरी राहून गेलेलं होतं. त्यांच्या खिळ्यांवर याने आपल्या तसबिरी टांगल्या होत्या. सोमवारी सकाळी बँकेत दोघा नवराबायकोच्या सह्या झाल्या की हे घर त्यांचं होणार होतं. मधे उरलं होतं ते फक्त आत्याचं 'हो'. बापाच्या थोरल्या बहिणीने हो म्हटल्याशिवाय या कुटुंबात लग्न ठरत नसे, बाळाचं नाव ठरत नसे. म्हणून तर तिला टोंगातल्या नुकुआलोफाहून विमानाने आणवलं होतं.

केलेपीचा बाप, म्हणजे फेलेती, आत आलाच नव्हता. थोरली बहीण आत आहे म्हटल्यावर तो बाहेर आपल्या वेगळ्या गाडीला टेकून उभा राहिला. टोंगाच्या माणसांत बहीणभाऊ वयात आले की एका खोलीत बसत नाहीत, एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांसमोर वावगा शब्द काढत नाहीत. सिडनीत आल्यावर बहुतेक घरांनी हे सैल सोडलं होतं. फेलेतीने एक गाठही सैल केली नव्हती. पासष्टाव्या वर्षीही तो बहिणीशी खिडकीतून बोलत असे.

"आमेन," आत्या म्हणाली आणि तिने डोळे उघडले. "आता खोल्या दाखव."

कंपनीचा मुलगा पुढे झाला. एक सरळ बोळ होता आणि बोळाच्या दोन्ही अंगांना निजायच्या चार खोल्या. आत्या दोन खोल्यांच्या मधे थांबली. इकडचं दार आणि तिकडचं दार अगदी समोरासमोर होतं.

"मानासे कुठे झोपणार?"

"इथे," केलेपीने डावीकडे बोट दाखवलं.

"आणि सेइनी?"

केलेपीने उजवीकडे बोट दाखवलं, पण बोट पुरतं उचललं नाही. बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. आज ठीक होतं. दोन वर्षांनी ठीक नसणार होतं. सध्याच्या घरी परसात एक वेगळी खोली होती. तिच्यातच केलेपीचं तारुण्य गेलं होतं. इथे परस म्हणजे कुंपणाची भिंत आणि त्या भिंतीपर्यंत जेमतेम कपडे वाळत घालण्याइतकी जागा. वेगळी खोली बांधायला वसाहतीच्या नियमांत बंदी होती. जमिनीतली भट्टी पेटवायलाही होती.

व्हायोला आत्याकडे बघत होती. केलेपीलाही वाटलं, की आता संपलं, आता आत्या पाठ फिरवणार.

"एक दार भिंतीने बुजवा," आत्या म्हणाली. "दुसऱ्या बाजूने पाडा."

"आणि भट्टी?" व्हायोलाने विचारलं.

"वीज आहे ना? विजेच्या भट्टीत करू."

केलेपीच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला हसू फुटणार होतं, तेवढ्यात व्हायोला म्हणाली, "आत्या, बाबांना तुम्ही बाहेर उन्हात उभं केलंय. ते चालतं. आणि या बोळाला तुम्ही हो म्हणता?"

"सूनबाई, फेलेतीला उन्हाची सवय आहे."

"मी उन्हाचं नाही विचारत."

"मला कळलं तू काय विचारतेस." आत्याने टोपली परत घेतली. "हे घर चांगलं आहे. हा रस्ता स्वच्छ आहे. तुमच्या त्या वॉरिंगलपासून हे लांब आहे. मला तेवढं पुरे."

बाहेर आल्यावर समोरच्या घरातून एक नेपाळी बाई बाळाची गाडी ढकलत आली. तिने आपण होऊन हात जोडले, सगळ्यांशी बोलली. शाळा फार चांगली आहे म्हणाली, रांग लावावी लागते. रात्री अगदी शांत असतं.

"आणि दिवसा?" व्हायोलाने विचारलं.

"दिवसा तर त्याहून शांत." ती हसली. "सोमवार ते शुक्रवार इथे मी आणि कुत्री. सगळे कामावर. तुम्ही याच हं, निदान बोलायला कुणी मिळेल."

"मी दुपारी कामाला जाते, रात्री परतते," व्हायोला म्हणाली. "रक्ताच्या नमुन्यांची तपासणी."

"मग मुलांना कोण बघतं?"

व्हायोला उत्तर देणार होती. केलेपीने व्हॅनचं दार जोरात ओढलं.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून सेइनीनेही तेच विचारलं, फक्त सरळ विचारलं. "बाबा, फुसीआत्याला कुठली खोली?"

"ती आजोबांबरोबर राहील."

"मग आम्हाला शाळेतून आणणार कोण?"

केलेपीने रेडिओचा आवाज वाढवला. फुसी त्याची थोरली बहीण, एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. शाळेची बस चालवायची आणि परसातल्या त्या वेगळ्या खोलीत राहायची. दुपारी बस लावून आली की रात्री व्हायोला परतेपर्यंत मुलं तिची. एल्डर रिजच्या बोळात ती कधीच राहू शकली नसती. हे तिला माहीत होतं. गेल्या महिन्यापासून घराचं बोलणं चाललं होतं आणि फुसीने त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर केलेपीला घर सोडून द्यावं लागलं असतं. बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. म्हणूनच ती बोलत नव्हती. केलेपीला हे समजत होतं आणि समजून घ्यायचं नव्हतं.

•

रविवारी चर्चहून आल्यावर फेलेती ओसरीवर बसला. घरात बहीण होती, बहिणीजवळ भाऊ नको, म्हणून त्याने खुर्ची खिडकीला चिकटवून घेतली. आत समोरच्या खोलीत चटईवर त्याची अक्का, म्हणजे पेले, तिच्यासमोर केलेपी. स्वयंपाकघरात फुसी, कारण समोरच्या खोलीत तिचा भाऊ होता. या घरात बहीणभावांच्या दोन जोड्या एकदम गोळा झाल्या की माणसं कमी आणि दारंखिडक्या जास्त बोलत. ये-जा करायला मोकळी होती ती एकटी व्हायोला, कारण ती कुणाचीच बहीण नव्हती.

परसात भट्टी उघडली होती. अळूच्या पानांत बांधलेल्या खारवलेल्या मांसाचा आणि नारळाच्या दुधाचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. पलीकडच्या कुंपणावरून लेबनीज म्हातारा ओरडला, "फेलेती, माझा वाटा!"

"येतोय, येतोय. आधी बहीण, मग तू."

फेलेतीला वॉरिंगलबद्दल कुणी खोटं सांगू शकलं नसतं. आल्यापासून तो याच रस्त्यावर होता. मैदानाच्या कडेला जळून गेलेल्या गाड्या त्याने पाहिल्या होत्या. रात्री घरांवर घिरट्या घालणारं पोलिसांचं हेलिकॉप्टर त्याच्या नातवंडांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. आणि स्टेशनच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर दोन वर्षांपूर्वी एका मारामारीत पाउला गेला. एकोणीस वर्षांचा. अक्काचा एकुलता नातू. शिकावा म्हणून तेराव्या वर्षी तिने त्याला टोंगाहून फेलेतीच्या हवाली केलं होतं. त्यानंतर अक्काने फेलेतीला एका शब्दानेही दोष दिला नव्हता. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं फेलेतीला रोज वाटत असे.

"केलेपी," आतून तिचा आवाज आला, "उद्या किती वाजता बँकेत जायचंय?"

"दहाला."

"मी प्रार्थना करून ठेवते."

"आत्या," व्हायोलाचा आवाज. भांडं खाली ठेवल्याचा आवाज. "उद्या मी बँकेत येणार नाहीये."

फेलेतीने पंख्यासारखी हलवत असलेली टोपी थांबवली.

"म्हणजे?" केलेपी म्हणाला.

"म्हणजे मला ते घर नको."

"व्हायोला, महिनाभर तू हो म्हणत होतीस."

"महिनाभर मी गप्प होते. या घरात गप्प बसणं म्हणजे हो, हे मला लग्नानंतर कळलं."

"काय वाईट आहे त्या घरात? शेजारीण चांगली, शाळा चांगली..."

"शाळा चांगली आहे. घरही चांगलं आहे. मी कुठे वाईट म्हणतेय?" ती थांबली आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाली, "फुसीताई, तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगितलंत तर हे ऐकतील."

आत सुरी थांबली. मग दाराआडून फुसीचा आवाज आला, नेहमीचा, बस चालवणाऱ्या बाईचा सपाट आवाज.

"माझ्या नावाआड लपू नकोस, व्हायोला."

"लपत नाहीये मी."

"लपतेस. तुला राहायचं असेल तर राहायचं म्हण. फुसी एकटी पडेल म्हणून राहतो, असं नको. मी पडणार नाही एकटी. मला बस आहे, चर्च आहे, बाबा आहेत. मुलांना कुठे वाढवायचं ते आईबापांनी ठरवा. मी सांगितलं की तो निमूट मान डोलावेल आणि जन्मभर त्या पांढऱ्या भिंती आठवत बसेल. मला ते नकोय."

सुरी पुन्हा सुरू झाली.

•

व्हायोलाचा चेहरा तापला. तिला वाटलं होतं, एक दार ठोठावलं की झालं. आता खोलीत ती होती, नवरा होता आणि चटईवर बसलेली ती बाई होती, जिच्यासमोर सुनेने आवाज चढवू नये हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझं मी म्हणते. मला नाही जायचं."

"का?" आत्याने विचारलं. रागाने नाही. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, आणि ते जास्त कठीण होतं.

"कारण इथे माझ्या मुलांना माणसं ओळखतात. मानासे शाळेतून उशिरा निघाला तर मी लॅबमध्ये असताना मला फोन येतो. दुकानवाल्याचा येतो, समोरच्या समोआवाल्या मावशींचा येतो. 'तुझा पोरगा मैदानावर आहे गं, काळजी करू नको.' त्या टेकडीवर कोण करणार फोन? कुत्री?"

"पाउलालाही सगळे ओळखत होते."

"हो. म्हणून तर त्या रात्री स्टेशनवरच्या दुकानातल्या बायका धावल्या. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. तो अनोळखी माणसांत नाही गेला, आत्या."

"टेकडीवर राहत असता तर तो गेलाच नसता."

खिडकीबाहेर खुर्ची करकरली. व्हायोला म्हणाली, "असं खात्रीने नाही सांगता येत."

"मला खात्री नकोय. धोका कमी झाला तरी पुरे. तू रोज त्या यंत्रांपाशी बसून दुसरं काय करतेस?"

"आम्ही एका नमुन्यावरून निकाल देत नाही."

"माझ्याकडे एकच नमुना होता," आत्या म्हणाली.

केलेपीने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "पुरे. दोघी थांबा जरा." तो व्हायोलाकडे वळला. "तुला माहितीये, ट्रकच्या कंपनीत पत्ता विचारला की मी काय करतो? वॉरिंगलचं नाव सांगतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो. दरवेळी. माझ्या पोराने तसं बघत बसावं असं वाटतं तुला?"

"नाही. त्याने नाव सांगावं आणि बघूच नये असं मला वाटतं."

"बोलायला सोपं आहे."

"सोपं असतं तर मी महिनाभर गप्प बसले असते का? केलेपी, मी डोळे मिटून नाही राहणार इथे. अंधार पडला की स्टेशनकडे जायचं नाही, हे मीच त्याला सांगणार. शाळेत बसून भांडायचं तर मीच भांडणार. मागे बाबांच्या जागेत परवानगी घेऊन आणखी दोन खोल्या बांधू. मुलगा वेगळा झोपेल, फुसीताई वेगळ्या राहतील, तुमची रीतही राहील. त्या टेकडीवर जायला आत्यांनी काल किती रिती सोडल्या, मी मोजत होते. बोळ सोडला, भट्टी सोडली. भीतीने सोडल्या. मी भिऊन घर घेणार नाही."

"तू घेणार नाहीस?" आत्याची मान वर झाली. "या घरात तुझी जागा काय आहे, सूनबाई?"

"माहितीये मला. मयताला मी चुलीपाशी असते आणि लग्नात सगळ्यांच्या मागे. पण बँकेला हे माहीत नाही. बँकेला दोघांच्या सह्या लागतात. माझी मिळणार नाही."

केलेपी बायकोकडे बघत राहिला. त्याला राग आला होता हे खरं होतं. पण त्या रागाखाली दुसरंही काहीतरी होतं. आपल्या घरातल्या कुणीतरी आत्याला तोंडावर नाही म्हणायचं असतं, हे त्याला आज प्रथमच शक्य वाटत होतं. त्याने कधी तसं केलं नव्हतं. त्याच्या बापानेही नव्हतं.

"सोडतो मी ते घर," तो शेवटी म्हणाला. "राग जायला वेळ लागेल. पण सोडतो."

"लागू दे," व्हायोला म्हणाली.

आत्याने कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सारखी केली. मग तिने शांतपणे सांगितलं, "घर तुझ्या सहीवाचून राहिलं. ठीक आहे. मुलगा माझ्या शब्दाने येईल. मंगळवारी मी परत जाते आहे. मानासे माझ्याबरोबर येईल."

"कुठे?"

"टोंगाला. माझ्या घरी वाढेल. शाळा आहे, समुद्र आहे, स्टेशन नाही."

व्हायोलाने नवऱ्याकडे पाहिलं. केलेपीचा चेहरा पांढरा पडला होता. भावाच्या घरातली कुठलीही गोष्ट बहीण मागू शकते. डुक्कर, चटई, मूल. मागितलेलं द्यायचं असतं. त्याच्या आजीला असंच कुणीतरी मागून नेलं होतं आणि घरातले लोक ती गोष्ट अभिमानाने सांगत.

"आत्या..." तो म्हणाला.

"मी एक दिला होता," आत्या खिडकीकडे न बघता म्हणाली. "या घराला मी एक दिला होता."

खिडकीतून फेलेतीचा आवाज आला, ओळखू न येण्याइतका बारीक. "दे तिला, केलेपी. आपण देणं लागतो."

"बाबा!" व्हायोला ओरडली. "तो भांडं नाहीये! केलेपी, नाही म्हण. एकदा म्हण. नाही म्हण!"

केलेपीचे ओठ हलले. तो मान खाली घालून बसून राहिला.

•

स्वयंपाकघरात फुसीने सुरी धुतली, पुसली आणि खणात ठेवली. तिचे हात ओले होते, ते तिने टॉवेलला नीट पुसले. भाऊ समोरच्या खोलीत असताना ती त्या खोलीत पाऊल टाकत नसे. पंधरा वर्षांची असल्यापासून टाकलं नव्हतं. आईच्या मयताच्या दिवशीसुद्धा तो उठून बाहेर जाईपर्यंत ती दारात थांबली होती.

आज ती थांबली नाही.

तिला बघताच केलेपी उठला. विचार करून नाही, गुडघेच उठले. खाली बघत, भिंतीला अंग घासत तो मागच्या दाराने परसात निघून गेला. व्हायोला बाजूला झाली. फुसी आत्यासमोर चटईच्या कडेला उभी राहिली.

"भाऊ आत असताना आलीस," आत्या म्हणाली.

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. तरी आले." फुसीचा आवाज सपाटच होता. "आत्या, बाबांवर तुझा हक्क आहे. केलेपीवर आहे. माझ्यावर आहे. मला म्हणशील तर मंगळवारी मी तुझ्या मागे विमानात बसेन. पण मानासे आणि सेइनी माझ्या भावाची मुलं आहेत. त्यांची आत्या मी. त्यांची नावं मी ठेवली. त्यांच्याबद्दल केलेपीला विचारून चालायचं नाही. मला विचारावं लागेल."

आत्याच्या चेहऱ्यावर एक शीर हलली. "मग तुला विचारते."

"मुलगा कुठेही जाणार नाही."

"मघाशी तुला विचारलं तेव्हा म्हणालीस, आईबापांनी ठरवा."

"घराचं विचारलं होतं. घर त्यांचं आहे. इथे राहोत, टेकडीवर जावोत, मी त्यात पडले नाही, पडणार नाही. पण मूल उचलून न्यायचं तर मधे मी आहे."

"तू मला नाही म्हणतेस? मी तुझं नाव ठेवलं, फुसी. तुला पहिल्यांदा हातात मी घेतलं."

"तूच शिकवलंस ना, आत्या काय असते ते. मी नीट शिकले."

बाहेर लेबनीज म्हातारा कुणाशी तरी मोठ्याने बोलत होता. व्हायोला दाराला पाठ टेकून उभी होती.

आत्या आता घाईने बोलली, पहिल्यांदाच. "आणि उद्या त्याला काही झालं तर? त्या पायऱ्यांवर, त्या मैदानावर? तेव्हा कुणाकडे बघू मी? सांग. कुणाकडे?"

फुसी खाली बसली. आता दोघींचे डोळे एका रेषेत आले.

"माझ्याकडे. काही झालं तर माझ्या दारात येऊन बस. मला बोल, मला शाप दे. बाबांच्या दारात नाही. दोन वर्षं तू त्यांना दोषाचा एक शब्द बोलली नाहीस आणि ते रोज तो ऐकतात. ते आता बंद. पाउला गेला, आत्या. तोही माझ्याच बसमधून जायचा. त्याच्या बदल्यात कुणी देता येत नाही. हा त्याच्या बदल्यातला नाही. हा मानासे आहे."

खिडकीबाहेरची खुर्ची रिकामी झाली. फेलेतीची पावलं पायऱ्या उतरून कुंपणाकडे गेली आणि तिथे थांबली. तो तिकडे काय करत होता ते कुणी बघायला गेलं नाही.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी या घरात जेवणार नाही," ती म्हणाली.

सगळं अन्न तोवर आत आणून मांडलं होतं. केळीच्या पानावर अळूच्या पुड्या, उकडलेला कसावा, मधोमध डुकराच्या पाठीचा तुकडा, तो आत्याचा. तिने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नसे. फुसी उठली, दोन ताटल्या काढल्या आणि मागच्या दारातून हाक मारली. मुलं धावत आली आणि मोठ्यांचे चेहरे बघून चटईच्या काठावर थांबली.

"बसा," फुसी म्हणाली.

सेइनीने भिंतीकडे वळलेल्या म्हातारीकडे पाहिलं. "आत्याआजीने अजून घेतलं नाही."

"तिला वाटेल तेव्हा ती घेईल." फुसीने एक पुडी सोडली. वाफ वर आली. "मी सांगते ना. खा."

मानासेने आईकडे पाहिलं. व्हायोलाने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. इथे तिचा शब्द नव्हता आणि आज तिला तो नकोही होता. मग मुलाने हात पुढे केला आणि पहिला घास घेतला.